भोये मास्तर आणि उलटा बाण

भोये मास्तरांच्या स्कूटरच्या डिकीत एक उलथणं असतं. त्याने ते पुढाऱ्यांचे वाढदिवस खरवडतात.

जव्हार-मोखाड्याच्या रानात जिथे जिथे काही जुनं आहे, एखादा कोरीव दगड, देवळाचं जोतं, पडकी चौकी, तिथे शेजारी माहितीचा फलक आहे. आणि फलक म्हटला की त्यावर कुणाला तरी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा चिकटवलेल्या असतातच. मास्तर त्या कागदावर पाणी मारतात, पाच मिनिटं थांबतात आणि उलथण्याने तो अखंड सोडवतात. अखंडच लागतो, कारण तो वाळवून, घडी घालून ते त्या पुढाऱ्याच्या घरी नेऊन देतात. "तुमचा वाढदिवस शिरपामाळावर राहिला होता," एवढंच म्हणतात. एका पुढाऱ्याच्या बायकोने त्यांना यासाठी पेढा दिला. मास्तरांनी तो खाल्ला आणि पुढच्या वर्षी पुन्हा कागद घेऊन गेले.

मास्तर आमचे शेजारी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा ठाण्याला असतो. मी नाशिकला शिकून जव्हारला परतले आणि हे फलक ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहेत तिथे कंत्राटी नोकरीला लागले, तेव्हापासून रविवारी ते मला स्कूटरवर मागे बसवून नेतात. मला का, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "तू मध्ये मध्ये बोलत नाहीस. दगडांना अशी माणसं बरी वाटतात."

मला ते माझं कौतुक वाटलं. नंतर कळलं, याआधी त्यांनी माझ्या बडबड्या वडिलांना नेऊन पाहिलं होतं.

मास्तरांचा लाडका प्रश्न एकच: "वाचलं का?" पाहुणे फलकाला टेकून फोटो काढत असतात, तेव्हा ते काही बोलत नाहीत. फोटो झाले की पुढे होतात आणि हळूच विचारतात, वाचलं का. माणसं भिडेखातर हो म्हणतात आणि फसतात, कारण मग तोंडी परीक्षा सुरू होते. शिरपामाळावर, जिथे स्वारीला जाताना शिवाजी महाराजांचा तळ पडला होता, एका तरुणाला त्यांनी विचारलं, महाराज इथे का थांबले असतील? तो म्हणाला, व्ह्यूसाठी. मास्तरांनी जरा वेळ दरीकडे पाहिलं. "असेल. त्यांनाही डोळे होते," म्हणाले आणि त्याला पास केलं.

फलक वाकडा झालेला त्यांना खपत नाही. मोखाड्याकडचा एक फलक दोन बोटं कलला, असं एसटीच्या कंडक्टरने सांगितलं, तर मास्तर जेवणावरून उठले. गेले, खांबाच्या बुडाशी दगड ठोकले, ओळंबा लावून पाहिला आणि संध्याकाळी येऊन तीच भाकरी पुढे खाल्ली.

म्हणूनच एका फलकाच्या बाणाबद्दल कार्यालयात तक्रार आली तेव्हा मी निश्चिंत होते. मोखाडा रस्त्यावर एक फाटा आहे. तिथून उजवीकडे ओहळ ओलांडला की वीरगळ लागतो, म्हणजे लढाईत पडलेल्या कुणाच्या तरी आठवणीचा कोरीव दगड. रस्ता रुंद झाला तेव्हा तिथला फलक कुणीतरी उपटून समोरच्या बाजूला, तोंड फिरवून पुरला. बाण होता तसाच राहिला. आता तो वीरगळाच्या नेमका उलट दिशेला माणसं पाठवतो. तक्रार करणाऱ्या कुटुंबाने लिहिलं होतं की बाणाप्रमाणे गेल्यावर आम्हाला एका म्हातारीचं घर लागलं, दगड दिसला नाही, चहा मात्र उत्तम होता.

बाण दुरुस्त करून घ्या, असं साहेबांनी मला सांगितलं. मी मास्तरांना सांगितलं.

पहिल्या रविवारी त्यांच्या डब्यातला रंग वाळून गेला होता. दुसऱ्या रविवारी गुडघा दुखत होता. तिसऱ्या रविवारी म्हणाले, एवढ्या उन्हात रंग धरत नाही. तेव्हा थंडी होती. सोमवारी साहेबांनी विचारलं, एका बाणाला किती दिवस लागतात. माझं कंत्राट पुढच्याच महिन्यात संपत होतं. चौथ्या रविवारी मी स्वतः रंगाचा डबा आणि ब्रश विकत घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. मला एवढं धीट झालेलं पाहून ते मुकाट्याने निघाले.

फाट्यावर स्कूटर थांबवली आणि प्लग काढून पुसत बसले. फलकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "आधी बाणाच्या वाटेने जाऊन ये," म्हणाले. "मग रंगव काय रंगवायचं ते."

मी डबा हातात घेऊन गेले. वाट एका पाड्यावर पोचली. चार घरं, त्यातल्या तीन घरांना कुलपं. दिवाळीनंतर इथली माणसं कामाला भिवंडी-वसईकडे जातात, ती शिमग्याला परततात. चौथ्या घराच्या ओट्यावर एक आजी बसली होती. मी काही विचारण्याआधीच तिने तांब्या पुढे केला.

"दगड बघाया आली ना? तो इकडं नाय गं बाय. पल्याड, ओहळाच्या अंगाला. बस, चहा टाकते."

चहा कोरा होता, गवती चहा घातलेला. तक्रारीत खोटं काही नव्हतं. आजीने सांगितलं की मुलगा भिवंडीला गोदामात आहे, तिकडेच चल म्हणून दर आठवड्याला फोन करतो. खोलीत नळ आहे, सून चांगली आहे. मग तुम्ही जात का नाही, असं मी विचारलं. तिने आजूबाजूला पाहिलं. ऐकायला फक्त कोंबड्या होत्या, तरी आवाज खाली केला.

"एक मास्तर हाय जव्हारचा. भला माणूस, पन डोकं गेलंय त्याचं. बायको मेली तवापासून दर बुधवारी वाट चुकतो नि इकडं येतो. मी दर बारीला सांगते, बाबा, उजवीकडं जा. हो हो म्हनतो, चहा पितो, नि फुडल्या बुधवारी परत चुकतो. मी भिवंडीला गेले तर त्याला वाट कोन दावील?"

तालुक्यातला दगड न् दगड पाठ असलेले मास्तर मला माझ्या शाळेच्या दिवसांपासून माहीत होते. मी चहा संपवला. निघताना आजीने बजावलं, तो मास्तर रस्त्यात कुठे दिसला तर त्याला तू तरी नीट सांग, शिकलेली दिसतेस.

मी परत आले तेव्हा मास्तर अजून तोच प्लग पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. डबा मी होता तसा डिकीत ठेवला.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला वाट समजावून सांगायला सांगितलंय."

"सांग मग."

मी सांगितली. फाट्यावरून उजवीकडे वळायचं, उतार उतरायचा, ओहळ ओलांडायचा, मोहाच्या झाडापाशी थांबायचं. मास्तर शहाण्या विद्यार्थ्यासारखे प्रत्येक वळणाला मान हलवत होते. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग प्लग बसवला आणि किकवर पाय ठेवला.

"नाही राहायचं लक्षात, पोरी," ते म्हणाले. "वय झालं."