केरबाच्या बोटीचं पेट्रोल

"गुन्हेगार मला पाहून पळत नाहीत, कारण मी त्यांना दिसतच नाही," असं गारखेड्याचे गुप्तहेर मोतीराम सांडू स्वतःबद्दल सांगत. ते खरंही होतं. गुन्हेगार असतील तिथं मोतीराम सहसा पोचतच नसत. मराठवाड्यातला सर्वात तल्लख मेंदू आपल्या टोपीखाली आहे अशी त्यांची खात्री होती, आणि स्कूटरवर मागं बसून ती रोज ऐकून घेणं ही सहायक रामप्रसादची नोकरी होती.

पैठण रस्त्याला, धरणाच्या फुगवट्यावर केरबाची मोटरबोट होती. मेंढरं विकून त्यानं ती घेतली होती. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो काळा चष्मा लावून काठावर बसे आणि पर्यटकांना फिरवायचं काम होणारा जावई शिवराज करी. पोरगा हैदराबादेत वाढलेला. बोट त्याच्या हातात गेल्यापासून दिवसभर पुरणारा पेट्रोलचा कॅन दुपारीच कोरडा पडू लागला होता.

"त्यो पेट्रोल इकत असंल तर सांगा," केरबा म्हणाला. "चोराला म्या पोरगी देणार नाय. सोयरीक मोडली समजा."

बाजूला उभी असलेली त्याची मुलगी ज्ञानेश्वरी रडवेली झाली. रामप्रसादला तिची फार दया आली, कारण तिचा संसार आता मोतीरामांच्या मेंदूवर अवलंबून होता.

मोतीरामांनी शिवराजचे हात हुंगले. "पेट्रोल!"

"साहेब, टाकी तोच भरतो," रामप्रसाद म्हणाला.

"बहाणासुद्धा किती बिनचूक शोधलाय बघ!"

मग शिवराज पर्यटकांना घेऊन फेरीला गेला आणि मोतीरामांना काठाच्या पाण्यावर तेलाचा तवंग सापडला. टाकी गळतेय, असं त्यांनी जाहीर केलं. रामप्रसादनं त्यांना पाण्यावरून डोकं मागं घ्यायला सांगितलं, तेव्हा टोपीखालून खोबरेल गळायचं थांबलं. तेवढ्यात फेरीहून पर्यटक परतले, सगळे ओलेचिंब.

"घाम," मोतीराम कुजबुजले. "सगळे सामील आहेत. माल गुपचूप वेरूळला जातो, याच बोटीनं."

"वेरूळपर्यंत पाणी कुठंय, साहेब?"

"म्हणून तर कुणाला संशय येत नाही!"

केरबा उठलाच. "व्हय, कळलं. मोडली सोयरीक."

"काका, एकदा बोटीत बसून तरी बघा की!" ज्ञानेश्वरी मोतीरामांना कळवळून म्हणाली. मोतीरामांना हे सुचलं नव्हतं असं नाही, त्यांना पोहता येत नव्हतं. पण ती स्वतःच पुढं जाऊन बसली, त्यामुळे त्यांचाही नाइलाज झाला.

केरबानं नेहमीसारखी हाक दिली, "शिवराज, दमानं रे!"

"हौ मामा!" म्हणत शिवराजनं इंजिनाची मूठ पूर्ण पिळली. बाभळीच्या शेंड्याला तोंड लावणाऱ्या शेळीगत बोट पुढून उभी राहिली. पाण्याचा फवारा सगळ्यांच्या अंगावर आला आणि मोतीराम टोपीसकट रामप्रसादच्या मांडीत पडले.

"अवो, काठावरनं दादांनी काय सांगितलं तुम्हाला?" ज्ञानेश्वरी ओरडली.

"दमानं! मतलब दम से, पूरी ताकद लगा को! मैं तो रोज वैसाच चलाता."

ज्ञानेश्वरीनं कपाळावर हात मारला. "दमानं म्हंजे हळू, सावकाश!" तिनं स्वतःच वेग निम्म्यावर आणला. बोटीचं नाक खाली आलं, इंजिन किरकिर सोडून गुणगुणू लागलं, आणि बोट तरीही झोकात चालली. त्या दिवशी कॅन संध्याकाळपर्यंत पुरला.

"मी आल्या आल्याच ओळखलं होतं," मोतीराम टोपी पिळत म्हणाले, "या प्रकरणात दम आहे."

केरबानं जावयाला मिठी मारली. मग हसता हसता त्यानं एकदम मिठी सोडली. "आयला! साखरपुड्यात म्या ह्याला म्हनलं व्हतं, पोरगी लई तापट हाय, दमानं घ्या."

"हौ मामा, याद है!" शिवराज छाती काढून म्हणाला.

ज्ञानेश्वरीनं पदर खोचला. "दादा, तुम्ही काळजी करू नका. दम देणं म्हंजे काय, ते ह्यांना म्या शिकवते."