फ्रेंचमध्ये वारलेले नातेवाईक

"फ्रेंच? अगं, माझ्या हातचा मळ!" भांडारप्रमुखांनी बायकोला ठणकावून सांगितलं. कंपनीच्या परदेशी शाखेत मोठी जागा निघाली होती. सहकुटुंब राहायला घर, सगळ्यांची तिकिटं! अट एकच, फ्रेंच साहेबांसमोर आपल्या कुटुंबाविषयी फ्रेंचमध्ये बोलायचं. बायकोने त्याच संध्याकाळी दोन मोठ्या बॅगा आणल्या.

शिकायला बसल्यावर मात्र घाम फुटला. आईवडील खरंच वारलेले, ते वाक्य एका दमात पाठ झालं. पुढे बायको आडवी आली. ती वजनमापं तपासायच्या खात्यात होती. हे फ्रेंचमध्ये सांगताना जिभेला गाठ पडे. सासूबाई वरच्या मजल्यावर राहून खालच्या मजल्यावर राज्य करतात, हे सांगायची तर मराठीतही सोय नव्हती! पण गोदामात जी वस्तू कुठल्याच रकान्यात बसत नसे, ती भांडारप्रमुख सरळ बाद करत. घरातही त्यांनी तेच केलं.

"पत्नी काय करतात?" साहेबांनी परीक्षेत विचारलं.

"वारली."

"अरेरे! सासूबाई?"

"वारल्या."

"कशाने?"

नुकत्याच झालेल्या धड्यात बोट होती. भांडारप्रमुखांनी दोघींना बोटीत बसवून बुडवलं. जागा होती म्हणून साडूलाही! साहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला. आपले उच्चार काळजाला भिडले म्हणून भांडारप्रमुख खूश.

दुसऱ्या दिवशी साहेबांची दुभाषी बाई पांढरी फुलं घेऊन घरी आली. दार सासूबाईंनी उघडलं.

"या घरच्या सासूबाई बोटीसकट बुडाल्या ना, म्हणून साहेबांनी..."

"मी बुडाले? मी अजून अंघोळीलाही बसले नाही!"

आतून बायको आली. "आणखी कोण कोण बुडालं?"

"त्यांच्या पत्नी," बाई चाचरत म्हणाली. "भांडारप्रमुखांना जागा मिळाली आहे. एकटेच आहेत, म्हणून एक खोली आणि एक तिकीट. कुटुंबाचं घर दुसऱ्यांना दिलं."

भांडारप्रमुख दाराआडून सगळं ऐकत होते. बाई गेल्यावर ते पुटपुटले, "मी उद्याच साहेबांना खरं सांगतो."

"मुळीच नाही! खोटं बोललात म्हणून आहे ती नोकरीही जाईल. गुपचूप जा आणि पगार पाठवत जा," बायको म्हणाली. तिने एक बॅग त्यांच्याकडे सरकवली. "आणि सुट्टीत यायची घाई करू नका हं. इथं तुमचं आहे तरी कोण?"