रेडीजकाकांच्या पिशवीतला पाना

सॉफ्टवेअरच्या ऑफिसात कुणी पाना घेऊन येत नाही. आमच्या ऑफिसात एक माणूस रोज आणायचा. सकाळी साडेनऊला रेडीजकाका जिना चढून यायचे, खाकी पिशवी टेबलावर ठेवायचे आणि तिच्यातून एकेक वस्तू बाहेर काढायचे. चष्मा, पाण्याची बाटली, छापील कागदांचा गठ्ठा आणि शेवटी नळाचा हा एवढा हातभर पाना. तो फडक्याने पुसायचा आणि परत पिशवीत ठेवायचा.

"काका, कॉम्प्युटरला काय नटबोल्ट असतात?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मी तशी तोंडाची फटकळच.

"असूदे गो बाय. लागतो," म्हणाले. कशाला लागतो, ते नाही सांगितलं.

आम्ही म्हटलं, जुनी खोड. काका मूळचे बस डेपोच्या वर्कशॉपातले, स्टोअरकीपर. कुठल्या मॉडेलच्या गाडीला कुठला पार्ट बसतो ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. निवृत्त झाल्यावर आमच्या मालकांनी त्यांना कपाटातली कागदपत्रं लावायला म्हणून आणलं. साळवी स्टॉपला हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस, माणसं सहा. कागदपत्रं पंधरा दिवसांत लावून झाली, काका मात्र राहिले ते राहिलेच.

राहिले ते एआयमुळे. हल्ली आमचा निम्मा कोड एआय लिहितो. काकांनी त्याचं नाव जावई ठेवलं होतं. "विचारलं की उत्तर देणारच. माहीत नसलं तरी देणार, आणि वर तोंड करून देणार." गंमत म्हणजे काकांना स्वतःला कोडची एक ओळ लिहिता येत नव्हती. पण जावयाचं दुखणं त्यांनी आमच्याआधी ओळखलं. आम्ही कोड लिहिताना दुसऱ्यांनी तयार करून ठेवलेली पॅकेजं वापरतो. त्या पॅकेजांची दर दोन महिन्यांनी नवी व्हर्जनं येतात, आणि व्हर्जन बदललं की वापरायची पद्धतही बदलते. जावयाने सगळ्या व्हर्जनांचं वाचून ठेवलेलं, त्यामुळे तो कुठलं कुठे जोडेल त्याचा नेम नाही.

"म्हणजे एका मॉडेलचा पार्ट दुसऱ्या गाडीला ठोकतोय," काका म्हणाले. "त्याला सांगायचं, बाबा रे, ह्या गाडीत हे मॉडेल बसवलंय. त्याचंच पुस्तक वाच आणि मग हात लाव."

तेच त्यांचं काम झालं. कुठल्या गिऱ्हाइकाच्या मशीनवर कुठल्या पॅकेजचं कुठलं व्हर्जन बसवलंय ते शोधायचं, नेमक्या त्या व्हर्जनचं डॉक्युमेंटेशन उतरवून घ्यायचं, त्यातली लागतील तेवढी पानं काढायची आणि फाइल करून जावयाला द्यायची. वरच्या कोपऱ्यात तारीख. "नवं म्हणजे बरोबर असं नसतं गो. बसवलंय काय, ते खरं."

ही सवय पुढे सगळीकडेच पसरली. काहीही सांगा, काका विचारणार, "कधीचं?" वडा कधीचा, हे सगळेच विचारतात. पण मी म्हटलं, ऑफिसातला पावसकर स्वभावाने चांगला आहे, तर "कधीचा पावसकर?" एका सहकाऱ्याचे आजोबा गेले तेव्हा आम्ही भेटायला गेलो. हार घातलेला फोटो समोर, घरचे डोळे पुसतायत, आणि काका फोटोजवळ वाकून म्हणतात, "हा कधीचा?" मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

माझ्यासाठी चिपळूणचं एक स्थळ आलं होतं. मी सगळी माहिती वाचून दाखवली. काका म्हणाले, "कधीची माहिती?"

"दिवाळीची असेल."

"मग आताची मागव. दिवाळीपासून माणूस बदलतो."

मी चिडले. चौकशी केली तर त्याचं मे महिन्यात लग्न झालेलं!

तरी मी त्यांना कधी मनापासून मानलं नाही. पानं चाळणारा म्हातारा, एवढंच. त्याचं फळ एकदा मिळालं. बंदराकडच्या एका शीतगृहाचं काम होतं. आतलं तापमान वाढलं की मालकाच्या फोनवर घंटा वाजली पाहिजे, एवढंच. काकांची फाइल तयार होती. मला घाई होती, मी ती जावयाला दिलीच नाही. दर मिनिटाला तापमान बघ, असं सांगितलं. त्याने साठ हजार हा आकडा घातला. पॅकेजच्या नव्या व्हर्जनमध्ये तो आकडा मिलिसेकंदांत मोजतात, म्हणजे बरोबर एक मिनिट. पण तिथल्या मशीनवर जुनं व्हर्जन, आणि त्यात तो सेकंदांत. साठ हजार सेकंद म्हणजे सोळा तास चाळीस मिनिटं. थंडाव्याचं यंत्र बंद पडलं आणि घंटा वाजेपर्यंत आतली सुरमई हात लावायच्या लायकीची राहिली नाही. मालकाने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो वास माझ्या ओढणीला आठवडाभर होता.

काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त ती न वापरलेली फाइल माझ्या टेबलावर सरळ करून ठेवली. "आधी वाच, मग बोल," म्हणाले. "एवढंच तर असतं."

आता पान्याचं. काका रोज एक वाजता कुणाला तरी फोन लावायचे. आधी नुसतं ऐकायचे आणि मग बोलायचे, ते दर वेळी निराळ्याच सुरात. कधी "अगं" म्हणत लाडात. कधी धन्याने बोलावं तसं तुटक. आणि कधी चक्क, "होय बाई. नळ ना? येतो. पाना आहे माझ्याकडे." आणि पिशवी उचलून अर्ध्या तासासाठी निघून जायचे.

आमचा निष्कर्ष साधा होता. काका फावल्या वेळात नळाची कामं करतात आणि सांगायला लाजतात. मी छळायला म्हणून त्यांना माझ्या खोलीवर बोलावलं. रविवारी खरंच आले. दोन वेळा पाना फिरवला, नळच हातात आला आणि स्वयंपाकघरात पाणीच पाणी. त्या माणसाला नळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग ही बाई ह्यांना सारखी बोलावते कशाला? त्यावर ऑफिसात जे विनोद झाले त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. आज आठवलं की शरम वाटते.

एका मंगळवारी अकराच्या सुमारास काका खुर्चीतच डावीकडे कलले. घामाने शर्ट चिंब. रिक्षातून हॉस्पिटलात नेईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा म्हणाले, "घरी जा. नाचणे गावात. फ्रिजवर फाइल आहे. आधी वाच, मग बोल." मला वाटलं, विम्याची असेल.

काकांची पिशवी खांद्याला अडकवून मी त्यांच्या घरी गेले. इतक्या दिवसांत त्यांनी कुणाला घरी बोलावलं नव्हतं. दार शेजारच्या सुगंधावहिनींनी उघडलं. त्या दिवसा तिथे थांबतात, हेही मला तेव्हाच कळलं. "बरं झालं आलात. काकांचं कळलं फोनवर. आज दुपारी तेच थांबणार होते, माझी कॅनिंगच्या कारखान्यात पाळी आहे, गाडी चुकली तर आजचा दिवस गेला. फाइल वाचा हां आधी," म्हणाल्या आणि चपला घालून गेल्याही.

मी वाचणार होते, देवाशपथ. पण ऑफिसातून फोन, हॉस्पिटलातून फोन, आणि समोर काकी उभ्या. नीटनेटकं पातळ, केस विंचरलेले, हातात कणकेचा गोळा. मी म्हटलं, काकांना जरा बरं वाटत नव्हतं, डॉक्टरांकडे नेलंय.

"डेपोतून नेलं काय?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, इतक्या वर्षांची सवय, आलं असेल तोंडात. काकींनी मला खालीवर न्याहाळलं आणि हसल्या. "तू निलेशच्या कॉलेजातली काय गो?"

निलेश त्यांचा मुलगा. अकरा वर्षांपूर्वी हातखंब्याच्या वळणावर मोटरसायकलवरून गेला. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

"नाही काकी, मी काकांच्या ऑफिसातली. निलेशला मी कधी पाहिलं नाही. फार वाईट झालं हो."

"काय झालं निलेशला?"

तरी मला कळलं नाही. विचारलं की उत्तर द्यायची सवय. "अपघात..." एवढं माझ्या तोंडून गेलंच.

कणकेचा गोळा खाली पडला. "कधी?" त्या म्हणाल्या. "सकाळी तर डबा घेऊन गेला. मीच भरून दिला." आणि त्या खाली बसल्या. दुःखातली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण ती नंतरची. बातमी नुकतीच कानावर पडलेली आई मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी जो आवाज काढला, तो माझ्यामुळे होता.

मग मी फाइल घेतली. पहिल्या पानावर काकांचं बस डेपोतलं रेखीव अक्षर. 'सौ. ला काही वर्षांपासून आठवत नाही. रोज निराळ्या सालात असते. आधी साल ओळखावं, त्याप्रमाणे बोलावं. आपल्याला माहीत आहे ते सांगू नये. पान ओळखून वाचावं.' पुढे एकेका काळाचं एकेक पान, वर तारखा, खोडून नव्याने घातलेल्या.

'नवं लग्न. मला अहो म्हणते. लाजते. माहेरची आठवण काढल्यास पुढच्या आठवड्यात नेतो म्हणावं.'

'निलेश कॉलेजात. खूण: जास्त कणीक मळते. निलेश सातला येईल असं सांगावं. सात वाजत आल्यास घड्याळ मागे करावं.'

'निलेश गेल्यानंतरचं. रडते. रडू द्यावं. हे एकच खरं आहे.'

'हल्लीचं. मला ओळखत नाही. घरात परका माणूस बघून घाबरते. तेव्हा मी बाहेर जाऊन बेल वाजवतो आणि नळवाला आलोय सांगतो. नळवाल्याला आत घेते. पाना हातात हवा, नाहीतर विश्वास ठेवत नाही.'

शेवटचं पान वेगळं होतं. 'चुकून कुणी निलेशचं सांगितल्यास. (मी स्वतः तीनदा सांगितलं आहे. खरं सांगावंसं वाटे.) माफी मागू नये, कशाची ते तिला कळत नाही. पाणी द्यावं. जवळ बसावं. रडणं थांबलं की बाहेर जाऊन बेल वाजवावी.'

मी पाणी दिलं. जवळ बसले. किती वेळ, कोण जाणे. त्यांनी माझा हात धरला होता, आणि मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. हुंदके हळूहळू कमी झाले, थांबले, आणि त्या पदराने तोंड पुसून भिंतीकडे बघत राहिल्या. मी उठले, पिशवी घेतली, बाहेर जाऊन दार ओढलं आणि बेल वाजवली.

दार उघडलं. डोळे लाल, पण आपण का रडलो ते त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं.

"नळ बघायला आलेय," मी पाना वर करून म्हटलं.

"आज बाई आली होय? ये, ये." मी मोरीच्या नळाशी बसले. नळ ठणठणीत होता. तरी मी पाना लावला आणि सोडला, लावला आणि सोडला. काकींनी चहा ठेवला. मग जवळ येऊन म्हणाल्या, "नेहमीचा माणूस नाही आला? चष्मेवाला?"

"त्याला बरं नाहीये."

"अगो बाई! चांगला माणूस आहे गो तो. काम काही येत नाही त्याला, पण बसतो, चहा पितो. त्याला घरी कोणी नसावं बहुतेक." आणि आवाज खाली आणून, "त्याला सांग, नळ अजून गळतोय. म्हणजे येईल."

संध्याकाळी सुगंधावहिनी परतल्यावर मी हॉस्पिटलात गेले. दुसऱ्या दिवशी काकांना ऑपरेशनसाठी कोल्हापूरला हलवायचं होतं. डॉक्टर फार काही चांगलं बोलत नव्हते. काका नळ्यांमध्ये पडलेले, चष्म्याविना ओळखू येत नव्हते.

"वाचलीस?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावं असं खूप वाटलं. "आधी नाही वाचली, काका. मी सांगून बसले."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "पाणी दिलंस?"

"दिलं. शेवटच्या पानावरचं सगळं केलं. बेलही वाजवली." मला रडू आवरेना. "त्यांनी निरोप दिलाय. नेहमीच्या माणसाला पाठवा म्हणाल्या. नळ अजून गळतोय सांग, म्हणजे येईल, म्हणाल्या."

काकांनी डोळे उघडले. "नळवाल्याची वाट बघते? ती?" त्यांचा आवाज फाटला. "कधीची?"

"आजची, काका."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते. सिस्टर माझ्याकडे रागाने बघत आल्या, तेवढ्यात काकांनी हात वर केला.

"फाइलीत नाहीये ते," ते म्हणाले. "लिहून ठेव गो बाय. तारीख घाल."

मी पिशवीतून कोरा कागद काढला, पाना मांडीवर आडवा धरून त्याच्यावर टेकवला आणि तारीख घातली.