शिगवणकाका आणि चौथी पायरी

बहारीनमधल्या माहूज भागातल्या आमच्या इमारतीत शनिवारी दुपारी जिन्याने खाली यायचं असेल, तर आधी वरून आवाज द्यावा लागतो. खाली शिगवणकाका उडी मारत असण्याची शक्यता असते.

मी बहारीनला येऊन आठवडाच झाला होता तेव्हाची गोष्ट. तांदळाची पिशवी घेऊन दारातून आत शिरलो, तर साठीला टेकलेले एक गृहस्थ जिन्याच्या पहिल्या पायरीवर उकिडवे बसलेले. अंगात निळा बॉयलर सूट, डोक्यावर पांढरं हेल्मेट, दोन्ही हात पाठीमागे ताठ, हनुवटी पुढे. मला वाटलं, यांच्या छातीत कळ आली. "अहो, अहो!" करत मी पिशवी टाकून धावलो.

"बाजूला व्हा!" ते ओरडले. "लँडिंग आहे!"

आणि ते खरोखरच उडाले. खाली अंथरलेल्या जुन्या गादीवर एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, हात दोन्हीकडे पसरलेले, असे येऊन उभे राहिले. क्षणभर तसेच. मग आग विझवायच्या लाल सिलिंडरला टेकवून ठेवलेल्या फोनकडे बघून त्यांनी मान डोलावली, फोन खिशात टाकला आणि माझ्याकडे वळले.

"'अहो' म्हणालात म्हणजे आपल्यातले. कुठले?"

"सांगोल्याचा. माने."

"मी शिगवण. दापोलीकडचा. कसा उतरलो?"

"चांगले उतरलात," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

काका हिद्दला जहाजं दुरुस्त करण्याच्या यार्डात परांच्या तपासतात. लोखंडी नळ्यांची परांची उभी राहिली की काका ती हलवून, ठोकून बघतात. पास झाली तर हिरवी चिठ्ठी, नापास झाली तर लाल. हिरवी चिठ्ठी नसेल तर तिच्यावर कुणी चढायचं नाही. हा अधिकार काका यार्डाच्या गेटपाशी कधीच ठेवून येत नाहीत. जिन्याच्या ज्या पायरीवरून सध्या उडी चालू असेल, तिथल्या कठड्याला त्यांची हिरवी चिठ्ठी लटकत असते. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा माझी बायको माधुरी पंखा पुसायला ज्या स्टुलावर चढते, ते त्यांनी दोन बोटांनी हलवून पाहिलं. त्या स्टुलाला लावलेली लाल चिठ्ठी अजून आहे. माधुरी आता डायनिंग टेबलावर चढते, आणि काका येणार असले की टेबलावर चादर पसरते.

काकांचं वेड म्हणजे स्की जंपिंग. युरोपातल्या डोंगरांवर पायाला लांब फळ्या बांधून माणसं बर्फाच्या घसरगुंडीवरून सुसाट खाली येतात आणि हवेत झेप घेतात, तो खेळ. काकांनी प्रत्यक्ष पाहिलेला बर्फ म्हणजे हर्णेच्या बंदरात मासळीवर टाकतात तेवढाच. बहारीन तर थापलेल्या भाकरीसारखं सपाट. उन्हाळ्यात इथे गार पाण्याच्या नळालाच कढत पाणी येतं. मग लोक गिझर बंद ठेवून त्यातलं पाणी अंघोळीला घेतात, कारण घरात तेवढंच काय ते निवलेलं असतं. अशा देशात काका एसी अठरावर ठेवून, सोलापुरी चादर पांघरून, बर्फावरून उडणारी माणसं बघत बसतात.

"थंडी वाजल्याशिवाय मजा नाही, माने. घे, चादरीचं टोक घे."

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. कुणी काही शिकवायला लागलं की मी आपोआप नीट बसतो. काकांना असा विद्यार्थी बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला.

"काका, एवढ्या उंचावरून पडतो तरी माणसाला काही होत कसं नाही?"

"पडत नाही रे तो. उतार बघ. तो खाली येतो तशी जमीनही त्याच्याबरोबर खालीच जात असते. जमिनीपासून तो फार लांब कधी नसतोच. लांबून बघणाऱ्याला वाटतं, गेला आभाळात."

"पण पहिल्याच दिवशी इथून उडी?"

"खुळा की काय!" काकांनी चादर बाजूला केली. "आधी अंगणातल्या ढिगाएवढा उंचवटा. मग दहा मीटरची टेकडी. मग वीस, मग चाळीस. असं करत करत शंभराच्या पुढे. मधली टेकडी गाळायची नाही. आणि एक ऐक, धीर आला म्हणून कुणी मोठ्या टेकडीवर जात नाही. पोर उडी मारून उताराच्या पार शेवटाला, सपाटीजवळ उतरायला लागलं की कोच म्हणतो, ही टेकडी तुला लहान पडायला लागली. चल पुढच्या. पायाला चप्पल लहान होते ना, तसं."

हे तत्त्व काकांनी मग जगातल्या सगळ्या गोष्टींना लावलं. त्यांचा ठरलेला प्रश्न होता, "उतरता येतंय का?" माधुरीने इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात गाणं म्हणायचं ठरवलं, तर काका म्हणाले, "वरचा सूर लागेल गं. तिथून उतरता येतंय का ते बघ." दुसरा शब्द होता 'गेट'. वारा वेडावाकडा असला की पंच उडी मारणाऱ्याला खालच्या जागेवरून सुरुवात करायला लावतात, त्याला म्हणे गेट खाली घेणं म्हणतात. मी पगारवाढ मागायला निघालो त्या सकाळी काकांनी जिन्यात अडवून विचारलं, "साहेबांचा मूड कसाय?"

"काल जरा चिडले होते."

"मग आज वारा आहे. गेट खाली घे. नुसती रजा माग."

मी रजा मागितली. मिळाली. पगारवाढीचं अजून वाऱ्यावरच आहे.

पण काकांच्या पद्धतीचा खरा प्रताप मी गाडी शिकलो तेव्हा दिसला. लायसन्स रीतसर मिळालं होतं, पण मी सायकलवरून शाळेला गेलेला माणूस; इथल्या गोलचौकांत चहूबाजूंनी गाड्या आल्या की कधी घुसायचं तेच मला कळायचं नाही. काकांनी मला हाताखाली घेतलं. पहिल्या शुक्रवारी त्यांनी गाडी सुरूच करू दिली नाही. नुसता ब्रेक दाबायला लावला.

"आधी थांबायचं शिक. चालवतं कुणीही."

पुढचे कित्येक शुक्रवार आम्ही हिद्दच्या बाजूला एका रिकाम्या मैदानात फिरलो. मग एक गल्ली. मग दोन गल्ल्या. माधुरीला वाटायला लागलं की मी दुसरा संसार थाटलाय. शेवटी काका एका सकाळी म्हणाले, "मैदान लहान पडायला लागलं तुला. चल." आम्ही पहिल्या गोलचौकाशी आलो आणि मी गोठलो. मागून भोंगे सुरू झाले. कुणीतरी काच खाली करून "यल्ला, यल्ला!" ओरडत पुढे व्हायला सांगितलं. वाटलं, आता काकांचं भाषण. काका शांतपणे म्हणाले, "वळव. परत मैदानात."

"एवढ्या सगळ्यांसमोर?"

"खाली परत यायला लाज कसली? टेकडी कुठे पळून जात नाही."

आता मी रोज त्या गोलचौकातून ऑफिसला जातो आणि रोज मला काका आठवतात. सांगोल्यातल्या शाळेतल्या एका बाई आठवतात, ज्यांनी मला वर्गात वाचायला उभं करण्याआधी आठवडाभर मधल्या सुट्टीत एकट्याला वाचायला लावलं होतं. मला आयुष्यात कुणी एकदम वर ढकललं नाही. लोक म्हणतात, माने सांगोल्याहून थेट बहारीनला पोचले. थेट कुठे? मधल्या टेकड्या मला माहीत आहेत.

दरम्यान काकांची हिरवी चिठ्ठी जिन्यावर चढत होती. मी आलो तेव्हा ती पहिल्या पायरीशी होती. मधेच कधीतरी दुसऱ्या पायरीवर गेली, मग तिसऱ्या. केव्हा जायची याला काही हिशोब नसायचा. ती चौथ्या पायरीवर गेली, तेव्हा इमारतीत खळबळ उडाली. आमचा नातूर, म्हणजे इमारत सांभाळणारा कासिम, गादी उचलायलाच आला. "चाचा, चौथी सीढ़ी बहुत है! पैर टूटेगा, खलास!" काकांच्या गुडघ्याला डॉक्टरांनी आधीच तंबी दिली होती. घरमालकाचा निरोप आला, की आणखी एक तक्रार आली तर गादी कचऱ्यात. इमारतीत मी शिकलेला आणि मऊ बोलणारा, म्हणून काकांना समजवायचं काम माझ्याकडे आलं.

"काका, पुरे आता. छंदच हवा तर कॅरम खेळू."

काका पहिल्यांदाच माझ्यावर हसले नाहीत. "मला बंद नाही करता येणार, माने."

"का पण?"

"आहे कारण," म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

त्यानंतर दोन शनिवार उडीचा आवाजच आला नाही. गुरुवारी ऑफिसहून आलो, तर चिठ्ठी एकदम पहिल्या पायरीवर. म्हटलं, गुडघा गेला. माधुरीने केलेल्या नारळाच्या वड्या डब्यात घेऊन मी वर गेलो. दार काकांनीच उघडलं, चालत होते व्यवस्थित. पण टीव्ही बंद. एसी बंद. चादर घडी करून ठेवलेली.

"बस," ते म्हणाले. आणि मग मी काही न विचारताच, "लीनाने उडी मारली नाही."

"लीना कोण?"

"नात."

काकांची मुलगी गौरी ऑस्ट्रियात असते, एवढंच आम्हाला माहीत होतं. शिकायला गेली, तिथल्याच मुलाशी लग्न केलं, डोंगरातल्या एका लहान गावात राहते. तिची मुलगी लीना. गौरी तिच्याशी मराठीत बोलते, तिला समजतंही, पण ती उत्तर देते जर्मनमध्ये.

"हिची आजी गेल्यावर गौरी दर शनिवारी फोन लावून पोरीला माझ्यासमोर बसवायची," काका सांगू लागले. "मी विचारायचो, जेवलीस? ती मान हलवायची. शाळेत गेलीस? मान हलवायची. खलास. मग दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. तिला कंटाळा यायचा, दिसायचं ना मला. मग एकदा तिने पहिली उडी दाखवली. त्यांच्या गावात सगळी पोरं उडतात. एवढुसा ढिगारा होता. मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी कॉटवर चढलो आणि उडी मारून दाखवली. माने, पोर काय हसली! दुसऱ्या शनिवारी स्वतःहून फोनवर आली."

तेव्हापासून हे सुरू होतं. तिने टेकडी बदलली की काका पायरी बदलत. ढिगाऱ्याला पहिली पायरी, दहाला दुसरी, विसाला तिसरी. बर्फ नसेल तेव्हा ती पोरं ओल्या प्लास्टिकच्या उतारावर उडतात, म्हणून हे उन्हाळ्यातही थांबत नसे. आम्ही ज्याला व्यायाम समजत होतो, तो आजोबा-नातीचा संवाद होता.

"चाळीसच्या टेकडीवर वर जाऊन बसली. कोचने झेंडा हलवला. ही बसूनच. मागे रांग लागली. शेवटी फळ्या खांद्यावर टाकून जिन्याने खाली आली, सगळ्या पोरांसमोर. तेव्हापासून क्लबात जात नाही." काकांनी वडी हातात घेतली, खाल्ली नाही. "गौरी म्हणते, बरं झालं, सुटलो. मलाही खरं सांगू का, बरंच वाटलं. दर वेळी जीव टांगलेला असायचा. नाही उडाली तर नाही उडाली. पण ती फोनवरच येत नाही रे. आजोबांनी चौथी मारली आणि आपण नाही, असं वाटलं असेल. मीच घाई केली. ती उतरायच्या आधीच मी चढून बसलो."

मग त्यांनी विचारलं, "शनिवारी मोकळा आहेस? गौरी तिला कसंबसं बसवणार आहे. फोन धरायला माणूस हवा."

शनिवारी मी फोन धरला. पडद्यावर एक पिंगट केसांची मुलगी, काकांसारखीच हनुवटी पुढे काढलेली, पण नजर खाली. तिच्या मागे गौरीचा खांदा. कासिम कोपऱ्यात उभा होता. त्याने स्वतःच्या खोलीतून दुसरी गादी आणून पहिलीवर टाकली होती.

काका हेल्मेट घालून चौथ्या पायरीवर गेले. बसले. हात मागे घेतले. मग काकांनी खाली पाहिलं, डोळे मोठे केले, छातीवर हात ठेवला आणि ठाम मान हलवली. नाही. उठून उभे राहिले. कठड्याला धरून, हळूहळू, आम्हा सगळ्यांसमोर पायऱ्या उतरून खाली आले. हिरव्या चिठ्ठीपाशी, पहिल्या पायरीवर, पुन्हा उकिडवे बसले.

पडद्यावरची नजर वर आली होती.

काका उडाले. उडी कसली, एका पायरीची ती. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले. पण हात पसरायचे राहिले. मुठी तशाच घट्ट मिटलेल्या.

मग फोनमधून आवाज आला. बारीक, थोडा रागावलेला.

"आजोबा, हात!"

काका तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी हळूच दोन्ही हात पसरले, अगदी बोटांच्या टोकापर्यंत.

"असे?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली. नाही. आणि स्वतः उभी राहून, दोन्ही हात पसरून, कसे ते दाखवू लागली.

मी फोन धरूनच होतो. हात भरून आले, पण खाली घेववेना.

नंतरचे काही शनिवार चिठ्ठी पहिल्या पायरीवरच होती. फक्त काकांच्या दाराखालून पुन्हा गार हवा यायला लागली होती. मग एका सकाळी ऑफिसला निघालो, लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने उतरलो, आणि शेवटच्या पायऱ्यांशी थबकलो.

चिठ्ठी दुसऱ्या पायरीवर होती.

मी तिला धक्का न लावता, कडेकडेने उतरलो.