समुद्राची साप्ताहिक सुट्टी

गिरणीच्या संपानंतर धर्माला जी नोकरी मिळाली, ती लाटा मोजण्याची होती. प्रत्यक्ष मोजण्याचं काम वरळीच्या समुद्रात नांगरलेला एक पिवळा बोया करी. तो वरखाली झाला की संदेश चाळीच्या गच्चीवरच्या खोलीत येई आणि तिथल्या यंत्राची पेन्सिल सरकत्या कागदावर लाट काढी. धर्माने यंत्राकडे लक्ष द्यायचं. प्रकल्प दीर्घकालीन होता. धर्मा हंगामी होता.

पहिल्याच रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या सुंदराबाई धापा टाकत वर आल्या.

"धर्मा, तुझ्या ह्या डब्यानं टीव्हीवर पट्ट्या येतायत! देव कुठला नि राक्षस कुठला, काय कळत नाय. अख्खी चाळ खोळंबलीय."

"मावशी, सरकारी काम हाय."

"मग टीव्ही काय माझ्या बापाचा? तोपण सरकारीच. चल, चहा टाकलाय."

दोन्ही पक्ष सरकारी असल्यामुळे धर्माने चहाच्या बाजूने निकाल दिला. ती पौराणिक मालिका संपेपर्यंत त्याने यंत्राची संदेश घेणारी तार काढून ठेवली. कागद सरकत राहिला, पेन्सिल सरळ रेघ ओढत राहिली. पुढे हा दर रविवारचा परिपाठ झाला.

वर्षअखेरीस प्रकल्पाचे उपसंचालक रमाकांत कारखानीस यांनी कागद तपासले आणि शिवाजी पार्कवरच्या फिरण्याच्या गटात जाहीर केलं, की रविवारी सकाळी समुद्र स्तब्ध असतो.

धर्मा घाबरून ऑफिसात गेला. "साहेब, समुद्र नाय थांबत. मी तार काढतो. मालिकेसाठी."

"तार काढण्याचा अधिकार आहे तुला?"

"नाय साहेब."

"मग तू ती काढलेली नाहीस. निष्कर्ष दिल्लीला गेलाय."

तरीही शास्त्रीय पडताळणी हवी म्हणून साहेब कोळीवाड्यात गेले. "रविवारी मालिकेच्या वेळी समुद्रात कधी लाट पाहिलीत?" त्यांनी दत्तू कोळ्याला विचारलं.

"नाय साहेब. त्या टायमाला आम्ही सगले टीव्हीसमोर."

साहेबांनी उत्तराचा पूर्वार्ध टिपून घेतला.

मग दिल्लीचे पाहुणे आले. त्यांना साप्ताहिक स्तब्धता दाखवायला साहेब पावसाळ्याच्या तोंडावरच्या एका रविवारी लाँच घेऊन निघाले. त्या दिवशी धर्माचा हात तारेकडे जाईना. पेन्सिल कागदाबाहेर उड्या मारू लागली. खालून सुंदराबाई ओरडल्या, "धर्मा, पट्ट्या!"

"मावशी, साहेब समुद्रात हायत!"

मालिका सोडून चाळ गच्चीवर धावली. लाँच पाण्यावर भाकरीसारखी उलटीपालटी होत होती. धर्मा कोळीवाड्याकडे पळाला, दत्तूला टीव्हीसमोरून उठवलं, दोघांनी होडी पाण्यात घातली. पाहुणे ओले, हिरवे, पण सगळे जिवंत परत आले. किनाऱ्यावर साहेबांनी धर्माचा हात बराच वेळ सोडला नाही.

चौकशी समितीने मात्र वेगळा हिशेब मांडला. इतके रविवार शांत गेले असताना एकाच रविवारी लाटा दिसतात, त्याअर्थी दोष त्या दिवशीच्या नोंदीत आहे. आणि त्याचं कारण, संबंधित कर्मचाऱ्याने तार प्रथेप्रमाणे काढली नाही. धर्माला मेमो मिळाला. पाठोपाठ कायम केल्याचा हुकूमही आला. पदनाम होतं, तार-विमोचक, रविवार.

तेव्हापासून पेपरात दर रविवारी 'समुद्र शांत' अशी चौकट येते. तुम्हीही ती चहाबरोबर वाचत आला आहात, समुद्राकडे उघडणाऱ्या खिडकीला पाठ करून.