धुक्यातलं तळं आणि सासऱ्यांचा चष्मा

"हा फोटो बघून माणूस स्वतःला विसरला नाही, तर कॅमेरे विकून टाकीन!" शिडीवरून चष्मेवाल्यांनी छातीठोकपणे सांगितलं.

खाली बायको शिडी धरून उभी होती. "स्वतःला विसरू दे हो, पण चष्मा न्यायला विसरला म्हणजे?"

चष्मेवाल्यांच्या कानावर ते गेलंच नाही. अंगानं ते दुकानात होते, मनानं तळ्याकाठी. गावाबाहेरच्या त्या तळ्यावर ते पहाटे गळ्यात दोन कॅमेरे अडकवून जात. एकात रंगीत रोल, दुसऱ्यात काळा-पांढरा. एके दिवशी धुकं असं उतरलं होतं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, हे तळ्यालाही सांगता आलं नसतं. मधोमध एक होडी, झोपेत हसणाऱ्या बाळासारखी, अधांतरी. रंगीत रोलवर ती नुसतीच होडी आली. काळ्या-पांढऱ्यात मात्र साक्षात स्वप्न उतरलं! मग काय, फोटो भिंतभर मोठा करून घेतला आणि सुताराकडून त्याला हुबेहूब खिडकीची चौकट बसवली. गिऱ्हाइकानं नवा चष्मा चढवावा, की समोर एकदम तळं!

पहिल्या आल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. नवा चष्मा लावून त्यांनी समोर पाहिलं.

"बाहेर धुकं पडलंय का हो?"

"पडलंय ना! काय सुरेख पडलंय!" चष्मेवाले डोळे मिटून म्हणाले.

बाईंनी शाल गुंडाळली, कान झाकले आणि बाहेर पडल्या. बाहेर रणरणतं ऊन! पाच मिनिटांत घामाघूम होऊन त्या परत आल्या आणि चष्मा काउंटरवर आपटून गेल्या.

दुपारी शिंपी आला. चष्मा लावून खुर्चीतच गारठला. "साहेब, रंग गेले! आता लाल कापडाला कुठला दोरा घालू?" पुढचं ऐकायला थांबतो कोण? आपला जुना चष्मा उचलून तो धूम पळाला.

चष्मेवाल्यांनी दोन्ही चष्म्यांचे नंबर पुन्हा पुन्हा तपासले. बरोबर! फोटोकडे बोट दाखवावं, हे काही त्यांच्या डोक्यात येईना. त्यांना स्वतःला त्या चौकटीत फोटो दिसतच नव्हता, तळं दिसत होतं.

आणि नेमके संध्याकाळी सासरे आले.

दुकान मूळचं सासऱ्यांचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून ते घरी बसले होते, एरवी जावयाच्या हातचा चष्मा त्यांनी जन्मात घातला नसता. आता ऑपरेशननंतरचा नवा चष्मा लागणार, म्हणून पहिल्यांदाच घालणार होते. चष्मेवाल्यांनी तो दोनदा पुसून त्यांच्या नाकावर ठेवला. सासऱ्यांनी समोर पाहिलं. बघता बघता त्यांच्या गालावरून एक थेंब ओघळला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

'विसरले! स्वतःला विसरले!' चष्मेवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "कसं वाटतंय, बाबा?"

"जावईबापू," सासरे डोळे न उघडताच म्हणाले, "पोरीला बोलवा. माझे डोळे गेले."

बायको होती तशी, पिवळ्या गाउनवर, चपला उलटसुलट घालून घरातून धावत आली.

"बाबा, डोळे उघडा बघू!"

"नको गं. तुझा चेहरा मला रंगीतच आठवू दे."

"उघडा म्हणते ना!"

सासऱ्यांनी एक डोळा किलकिला केला. "अगं! तू तर पिवळी!"

मग तिनं चौकटीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "बाबा, ती खिडकी नाही. यांनी काढलेला फोटो आहे!"

चष्मेवाले शिडीमागे लपायला जागा शोधू लागले. सासरे सावकाश उठले, चौकटीजवळ गेले आणि त्यांनी पाण्यावर बोट टेकवून पाहिलं.

"हे तळं आहे कुठं?"

"गावाबाहेरच, बाबा."

"इतकं जवळ? आणि मी आयुष्यभर इथं लोकांच्या नाकांवर चष्मे बसवत बसलो?" ते जावयाकडे वळले. "उद्या मला न्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं काठावर बसले. सासऱ्यांच्या अंगात लालभडक स्वेटर. आधी सगळं करडं, कापसासारखं. मग धुकं हळूहळू विरत गेलं आणि सासरे लहान मुलासारखे पुटपुटू लागले, "हिरवा आला... तो बघा, निळा... अरे, होडी तर तांबडी आहे!" चष्मेवाल्यांनी या वेळी फक्त रंगीत रोलचा कॅमेरा डोळ्याला लावला. अख्खा रोल संपेपर्यंत त्यांना भानच राहिलं नाही.

रोल धुऊन आला. प्रत्येक फोटोत तळं होतं. प्रत्येक फोटोत तळ्याच्या पुढ्यात सासरेही होते.

"हाच लावायचा!" बायकोनं त्यातला एक निवडला. सासऱ्यांनी लगेच होकार दिला. चष्मेवाल्यांना कोणी विचारलं नाही.

आता कोणी रंग गेल्याची तक्रार करत नाही. परवाच एका बसड्रायव्हरनं नवा चष्मा लावला आणि खुशीत मांडीवर थाप मारली.

"वा! लख्ख दिसतंय सगळं! फक्त त्या लाल स्वेटरवाल्या गृहस्थांना जरा बाजूला व्हायला सांगा की. मागचं तळं दिसत नाही."

"ते होत नाहीत हो," चष्मेवाले हळूच म्हणाले. "मी रोज पहाटे तळ्यावर सांगून बघतो."