गजाचे खोटे अटॅक

गजाभाऊला हार्ट अटॅक आला की तो आधी दाढी करायचा. खोटं सांगत नाही. डावा हात छातीवर, उजव्या हातात वस्तरा, गालाला साबण, आणि अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "निघालो मी! खुर्ची आणा!"

खुर्ची म्हणजे माझी लाकडी खुर्ची. अंबरनाथला आमची कामगारांची चाळ, पहिला मजला. गजा माझ्या शेजारच्या खोलीत. केमिकल कंपनीत फिटर, लग्न नाही, कुणी नाही. संसार म्हणजे एक बादली आणि एक कळशी. आंघोळसुद्धा कंपनीतच उरकायचा. आम्ही चौघं त्याला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवायचो आणि हा बाबा नवरदेवासारखा दारादारात निरोप घ्यायचा. "ताई, चाललो. काय चुकलं असेल तर पोटात घाला." एकदा मधल्या पायरीवर थांबवून खुर्ची धरणाऱ्या पांडूला म्हणाला, "माझा रेडिओ तू घे." संध्याकाळी परत आला आणि रेडिओ मागून नेला.

पहिल्या वेळी गॅस निघाला. उल्हासनगरला कॅम्पात दोस्ताकडे सहा प्लेट दालपकवान हाणलं होतं. तिथल्याच सिंधी डॉक्टरनं कार्डिओग्राम काढला आणि म्हणाला, "साईं, दिल घोडे का है, पेट गधे का." दुसऱ्या वेळी नागीण. छातीची डावी बाजू नुसती आग आग. तीन दिवसांनी फोड उठले तेव्हा कळलं. शर्ट वर करून चाळभर दाखवत फिरला. तिसऱ्या वेळी सुपरवायझरशी भांडला होता. दम लागला, घाम फुटला, हाताला मुंग्या. डॉक्टर म्हणाला, घाबरलाय. हा त्यालाच म्हणतो, "मी? मी कुणाच्या बापाला घाबरत नाय. लिहून घ्या!"

असं करत करत चाळीला सवय लागली. कुणाच्या छातीत दुखलं की लोक हसायचे, "गजाचं लागलं." आणि ओवा चावायला द्यायचे.

माझा राग इथंच आहे.

सरू, माझी बायको, एका दुपारी भाकऱ्या थापताना म्हणाली, जबडा दुखतोय, पाठीत भरून आलंय. कपाळावर घाम. तव्यावरची भाकरी उतरवली आणि मग भिंतीला टेकली. ओरडली नाही, कुणाला बोलावलं नाही. आणि मी अक्कलशून्य माणूस, हसून म्हणालो, "गजाचं लागलं काय तुला? ओवा खा."

तिनं खाल्ला. चहाच्या वेळेला ती नव्हती. खुर्ची तिच्यापासून दोन हातांवर होती.

स्मशानातून आल्यावर गजाला चारचौघांत बोललो, "हरामखोरा, तुझ्या खोट्या अटॅकांनी माझी बायको खाल्ली." त्यानं मान खाली घातली. जबडा, पाठ, घाम सगळं सगळ्यांना सांगितलं; "ओवा खा" कोण म्हणालं होतं तेवढं मी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर गजाचा आवाज बंद. मीही त्याच्याशी बोलायचं सोडलं. सकाळी उशिरापर्यंत पडून राहायचो. पहाटे पाचला नळ यायचा, तेव्हा सरू खालून पाणी आणून दारातलं पिंप भरायची. ती गेल्यावरही पिंप भरलेलंच असायचं. आजूबाजूच्या बाया भरत असतील म्हणून मी विचारलंही नाही.

एका सकाळी गजा जिन्यात बसलेला. तोंड पांढरंफटक, हात छातीवर. दाढी वाढलेली.

"काय झालं?"

"काय नाय. जा तू."

"छाती?"

"गॅस असेल."

माझं डोकंच फिरलं. "गॅस म्हणतोस? परत गॅस?" दंडाला धरून रिक्षात कोंबला आणि कॅम्पापर्यंत शिव्या दिल्या. "मेलास तर बघ! मेलास तर सोडणार नाय तुला!"

कार्डिओग्राम साफ निघाला. डॉक्टरनं छातीच्या हाडाशेजारी बोट दाबलं तसा गजा बोंबलला.

"पसली के जोड में सूजन है. वजन उठाते हो?"

"नाय."

"सच बोलो."

"पाणी भरतो. एक पिंप."

"घर में कितने लोग?"

"एकटाच."

डॉक्टरला काही कळेना. मला कळलं. गजाकडे पिंप कुठलं?

"कधीपासून?" मी विचारलं.

तो शर्टाची बटणं लावू लागला. "वहिनीचं पिंप रिकामं बरं दिसत नाय, अण्णा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खुर्ची घेऊन नळावर गेलो. हा कळशी घेऊन हजर. "बस इथं," म्हटलं, "हललास तर तंगडी मोडीन." बसला. मी बादल्या वर नेऊ लागलो. तिसऱ्या बादलीला माझा दम उखडला आणि मी नळाशीच टेकलो.

गजा ताडकन उठला. माझ्या कपाळाला हात लावून घाम बघितला.

"जबडा दुखतो काय? पाठ?"

"नाय रे. दमलोय."

"नक्की? जबडा नाय ना?"

मी मान हलवून नाही म्हटलं. तरी त्यानं खुर्ची माझ्याकडे सरकवली, आणि मी बसेपर्यंत ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.